गेम खेळताना पीसी अचानक रिस्टार्ट होतो, माझ्याकडे होत नाही, भाच्याकडे होतो

आधी लक्षण नीट सांगतो, म्हणजे ज्यांचा प्रॉब्लेम वेगळा आहे त्यांचा वेळ वाया जायला नको. गेम चालू असताना स्क्रीन एकदम काळा होतो, आवाज सेकंदभर एकाच जागी अडकल्यासारखा करकरतो आणि पीसी आपला आपण रिस्टार्ट होतो. निळा स्क्रीन नाही, एरर मेसेज नाही, विंडोज परत वर येतं ते काही झालंच नाही अशा थाटात. दिवसभर ब्राउझर, व्हिडिओ, अभ्यास, टायपिंग काहीही करा, ढिम्म हलत नाही. फक्त गेममधे, आणि तेही रोज नाही, कधी वीस मिनिटांत तर कधी तीन दिवस शांतता. सगळ्यात वैताग म्हणजे मी "दुरुस्त" केला की दोन-तीन आठवडे मस्त चालायचा आणि मग भाच्याचा फोन, "मामा, परत झालं." असं तीन वेळा झालं.

पीसी ताईच्या मुलासाठी मीच जोडलेला. बजेट तंग होतं म्हणून निम्मं सामान सेकंडहँड. प्रोसेसर रायझेन ५ ५६००, सहा कोअर बारा थ्रेड, कागदावर ६५ वॅटचा, तो नवीन. बी४५० चा मदरबोर्ड वापरलेला (त्याचं बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, आधी अपडेट करावं लागलं, नाहीतर ५००० सीरिजचा प्रोसेसर ओळखत नाही, हे विसरलात तर पहिल्याच दिवशी काळा स्क्रीन). रॅम ८ जीबीच्या दोन स्टिक, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, एक माझ्या ड्रॉवरमधली. ग्राफिक्स कार्ड २०१९ च्या पिढीतलं, ८ जीबीचं, साधारण सव्वादोनशे वॅट खाणारं, एक आठ पिन आणि एक सहा पिन कनेक्टरवालं. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही कारण शेवटी दोष त्या बिचाऱ्याचा नव्हताच. आणि कॅबिनेट, ज्याच्याबरोबर एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) "फ्री" आला होता, वर मोठ्या अक्षरात ५०० वॅट.

ज्यांना कळायचं त्यांना इथेच कळलं असेल. मला कळायला अडीच महिने लागले, आणि मी स्वतःला या विषयातला जाणकार समजतो. ते का लागले हेच सांगायचंय, कारण नुसतं "एसएमपीएस बदला" हे कुणीही सांगेल, पण तुमच्याकडे तेच कारण आहे की नाही हे ठरवायचं कसं, हा खरा प्रश्न आहे.

पहिली फेरी: रॅम

पहिल्यांदा पीसी घरी आणला तेव्हा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. विंडोज लॉग्जमधे सिस्टिम, तिथे लाल खुणेची नोंद, कर्नेल-पॉवर, आयडी ४१. बरेच जण इथेच फसतात. ४१ म्हणजे पॉवरचा प्रॉब्लेम असा त्याचा अर्थ नाही. त्याचा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद व्हायच्या आधीच मशीन बंद पडलं. तुम्ही चालू पीसीची पिन काढलीत तरी हीच नोंद येते. खरी माहिती आत असते, त्या नोंदीवर डबल क्लिक करून डिटेल्समधे जा आणि बगचेककोड बघा. तिथे शून्य सोडून दुसरा आकडा असेल तर निळा स्क्रीन येऊन गेलाय, तुम्हाला दिसला नाही इतकंच. शून्य असेल तर विंडोजला मरताना "मेलो" म्हणायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

आमच्याकडे दोन्ही प्रकार सापडले. त्यानेच घोळ केला. दहा-बारा नोंदींपैकी बहुतेक शून्यवाल्या, पण दोन-तीन ठिकाणी आकडा होता, आणि तो मेमरी मॅनेजमेंटच्या निळ्या स्क्रीनचा. मला काय, आनंद झाला, चोर सापडला. मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर लावला, दुसऱ्याच पासमधे एरर. रॅम एक्सएमपीवर (जास्त वेगाची तयार सेटिंग) ३२०० ला १.३५ व्होल्टवर चालत होती, दोन वेगळ्या कंपन्यांच्या स्टिक आणि त्यातली एक मुळात तेवढ्या वेगाची नव्हतीच. एक्सएमपी बंद करून हाताने २९३३ वर आणली, चार पास पूर्ण, शून्य एरर. शिवाय स्टिक प्रोसेसरपासून मोजून पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमधे मीच घाईत लावल्या होत्या, त्या दुसऱ्या आणि चौथ्यात लावल्या तेव्हा कुठे ड्युअल चॅनल झालं, म्हणजे दोन्ही स्टिक एकदम वापरल्या जायला लागल्या.

दोन दिवस माझ्याकडे गेम चालवून बघितला, एकदाही रिस्टार्ट नाही. ताईकडे पोचवला. सतरा दिवसांनी फोन.

आता मागे वळून बघितलं तर रॅमचा प्रॉब्लेम खराच होता आणि तो सुटलाही होता, त्यानंतर निळा स्क्रीन कधीच आला नाही. पण तो वेगळा आजार होता. स्वस्तात जोडलेल्या पीसीत हे फार होतं, एका वेळी दोन बिघाड नांदत असतात आणि एक सापडला की आपण दुसरा शोधायचं थांबवतो.

दुसरी फेरी: गरम होणं

या वेळी एचडब्ल्यूइन्फो (टेंपरेचर, वॅट वगैरे दाखवणारा प्रोग्राम) टाकला आणि भाच्याला सांगितलं की खेळायला बसलास की हा उघडून लॉगिंग चालू करत जा. हा सल्ला सगळ्यांना देतो, कारण रिस्टार्ट झाल्यावर टेंपरेचर बघून उपयोग नसतो, तोवर सगळं थंड झालेलं असतं. लॉग फाइलमधे शेवटच्या दोन-चार ओळी राहतात, त्या बोलतात. नोंद दर दोन सेकंदांनी होते, ती कमी करून अर्ध्या सेकंदावर आणा.

लॉगमधे दिसलं की कार्डाचं साधं टेंपरेचर ७४ पण हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात गरम जागा, १०६. अशा कार्डाची हॉटस्पॉटची मर्यादा ११० असते, म्हणजे अगदी कडेवर. दोन्हीत ३० पेक्षा जास्त फरक असला की बहुतेक वेळा चिप आणि कूलरमधली पेस्ट सुकलेली असते किंवा कूलर नीट बसलेला नसतो. कार्ड उघडलं तर पेस्ट खपली धरल्यासारखी. साफ केली, नवीन लावली, मेमरीवरचे पॅड बदलले (जाडी मोजून घ्या हां, जाड पॅड लावला तर कूलर चिपवर टेकतच नाही आणि अजून वाट लागते). हॉटस्पॉट ८७ वर आला. मी पुन्हा खूश. फरमार्क, कार्डाला ताण देणारा प्रोग्राम, पाऊण तास चालवला, पीसी डोंगरासारखा स्थिर.

आणि फरमार्क पास झाला म्हणून मी एसएमपीएसला निर्दोष सोडलं. म्हटलं कार्डाला पूर्ण ताण दिला, तरी काही झालं नाही, म्हणजे पॉवर पुरतेय. हीच माझी सगळ्यात मोठी चूक. कशी ते पुढे येतंच.

पीसी गेला. तीन आठवडे. फोन.

तिसऱ्या फेरीबद्दल फार लिहीत नाही, लिहिण्यासारखं नाहीच. ड्रायव्हर सेफ मोडमधे जाऊन डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणारा प्रोग्राम) काढले, जुनं व्हर्जन टाकलं, मग नवीन टाकलं, मग विंडोजच नव्याने टाकलं, फास्ट स्टार्टअप बंद केलं. रिसेट बटणाची वायर मदरबोर्डवरून काढून टाकली कारण हलक्या कॅबिनेटमधे ते बटण आत अर्धवट अडकून राहतं आणि त्यानेही अगदी असाच रिस्टार्ट होतो, दोन मिनिटांचं काम आहे, तुम्हीही करून बघा. आमच्याकडे फरक नाही. ताई तोवर म्हणायला लागली होती, "अरे, जमत नसेल तर राहू दे, दुकानात दाखवू." हे ऐकून घ्यायला लागलं ते वेगळंच.

माझ्याकडे का होत नाही?

चौथ्यांदा पीसी आणायच्या आधी मी ठरवलं की आता काहीही उघडायचं नाही, बदलायचं नाही, आधी तिकडे जाऊन बसायचं आणि त्याला खेळताना बघायचं. कारण तीनही वेळा माझ्या टेबलावर एकदाही रिस्टार्ट झाला नव्हता. एकदाही नाही! मीटर, मॉनिटर, घर, माणूस सगळं वेगळं, मग यातलं नेमकं काय?

आधी सोप्या गोष्टी काढून टाकल्या. एक्स्टेन्शन बोर्ड काढून पिन थेट भिंतीच्या सॉकेटमधे लावली. मधे एक छोटा यूपीएस होता तोही काढला. फरक नाही, तासाभरात रिस्टार्ट झालाच, माझ्या डोळ्यांसमोर.

आणि तेव्हा दिसलं. गेमच्या मधे नाही झाला. मॅच संपली, लोडिंग आलं, ते संपून मेन्यू उघडला त्या क्षणी झाला. मी विचारलं आधी कधी व्हायचा, तर म्हणे, "बहुतेक तेव्हाच, किंवा मॅच सुरू होताना." मग हे आधी का नाही सांगितलंस? "तू विचारलं नाहीस ना मामा." बरोबरच आहे, मी विचारत होतो किती गरम झाला होता.

मेन्यूत कोपऱ्यातला आकडा बघितला तर ७०० च्या वर एफपीएस (सेकंदाला फ्रेम). व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद, फ्रेम लिमिट नाही. कार्डातून बारीक किणकिणण्याचा आवाज येत होता, कॉइल व्हाइन. त्याचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, आणि व्ही-सिंकने माऊस जड वाटतो म्हणून तो बंद करायचा. माझ्याकडचा मॉनिटर जुना ६० हर्ट्झचा, त्यावर व्ही-सिंक नसला की चित्र मधून फाटल्यासारखं दिसतं, म्हणून मी टेस्टिंगला बसलो की पहिलं काम व्ही-सिंक चालू. मग ६० एफपीएसवर कार्ड जेमतेम शंभर वॅट खायचं आणि पीसी गुणी बाळासारखा चालायचा. ती सेटिंग गेममधे तशीच राहायची, पीसी परत जायचा, आणि हा काही दिवसांनी माऊस जड वाटतोय म्हणून व्ही-सिंक बंद करायचा. की झालं, ये रे माझ्या मागल्या.

म्हणजे माझी रॅम, माझी पेस्ट, माझं नवं विंडोज, यातल्या कशानेच तो रिस्टार्ट थांबला नव्हता. थांबवत होती ती एक विसरलेली सेटिंग. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मग एसएमपीएसचं लेबल वाचलं

हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. कॅबिनेटची बाजू काढून एसएमपीएसच्या अंगावरचा तक्ता बघा. वर ५०० वॅट असं ठळक लिहिलेलं असतं, पण त्या तक्त्यात प्रत्येक व्होल्टेजला किती अँपिअर ते वेगळं दिलेलं असतं. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही जवळजवळ सगळी पॉवर १२ व्होल्टवरूनच घेतात, म्हणून बघायचा तो १२ व्होल्टचा आकडा. आमच्याकडे लिहिलं होतं २८ अँपिअर. १२ गुणिले २८, ३३६ वॅट. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर, ज्याचा आता फारसा उपयोग नाही, जुन्या काळच्या डिझाइनचा वारसा. आणि हे ३३६ सुद्धा खरे असतील असं गृहीत धरलं तर.

आता खर्च मांडा. कार्ड सव्वादोनशे. प्रोसेसर ६५ चा म्हणतात पण सॉकेटवर ७६ पर्यंत ओढतो. मदरबोर्ड, पंखे, एसएसडी, कीबोर्ड-माऊसचे दिवे मिळून तीस-चाळीस धरा. झाले ३३० च्या वर, म्हणजे सरासरीच काठावर. पण कार्ड सरासरीवर चालत नाही. काही मिलीसेकंदांसाठी ते आपल्या ठरलेल्या वॅटच्या बरंच वर उसळी मारतं आणि परत खाली येतं. ही उसळी एचडब्ल्यूइन्फोत दिसत नाही कारण तिथे सरासरी येते. २०२२ मधे एटीएक्स ३.० चे (एटीएक्स म्हणजे पीसीच्या एसएमपीएसचं ठरलेलं मानक) नियम आले त्यात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरती दुप्पट लोडची उसळी सोसली पाहिजे असं नवीन कार्डांसाठी घातलं, ते याच उसळ्यांमुळे. आमचा फुकटचा डबा कुठून सोसणार.

लोडिंगच्या वेळी कार्ड जवळजवळ रिकामं बसलेलं असतं. माझ्या लॉगच्या शेवटच्या ओळींत हे सगळं आधीपासून होतं, कार्ड ३८ वॅट, ३८, ४१, मग एकदम २०५ आणि फाइल संपली. मी फक्त टेंपरेचरचा कॉलम बघत होतो. शांत बसलेलं कार्ड एका झटक्यात ७०० फ्रेम काढायला उठतं, त्याच वेळी प्रोसेसरही धावत असतो, १२ व्होल्ट खाली घसरतो. एटीएक्समधे ५ टक्के सूट आहे, म्हणजे ११.४ च्या खाली जायला नको. त्याखाली गेला की एसएमपीएस मदरबोर्डला देत असलेला "पॉवर गुड" सिग्नल काढून घेऊ शकतो आणि मदरबोर्ड रिसेट होतो. विंडोजला काही लिहायला वेळच मिळत नाही, म्हणून बगचेककोड शून्य.

फरमार्कने हे का पकडलं नाही, तर तो एकसारखा लोड देतो. हळूहळू चढतो, मग पठारावर चालत राहतो, ड्रायव्हर वरून त्याला आवरतो, आणि प्रोसेसर तेव्हा झोपा काढत असतो. आमचा एसएमपीएस पठारावर चालू शकत होता, उडी मारू शकत नव्हता.

अजून एक पाप कबूल करतो. त्या एसएमपीएसला कार्डासाठी एकच ६+२ पिनची वायर होती. कार्डाला दुसरा सहा पिन हवा होता, तो मी मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या कनेक्टरवरून) अडॅप्टर लावून दिला होता. चालतोय ना, मग झालं, असं म्हणून. सहा पिन कनेक्टर ७५ वॅटसाठी असतो, आठ पिन १५० साठी, स्लॉटमधून ७५. निदान साटावरून (हार्ड डिस्क-एसएसडीच्या कनेक्टरवरून) सहा पिनचा अडॅप्टर तरी लावला नव्हता, कारण साटाच्या पॉवर कनेक्टरला १२ व्होल्टच्या तीनच पिन असतात, दीड-दीड अँपिअरच्या, म्हणजे ५४ वॅटला संपलं, आणि त्यावर ७५ चा भार टाकला की प्लास्टिक वितळायची तयारी. कुणी लावला असेल तर हे वाचणं थांबवून आधी काढा. मोलेक्सवालाही काढाच. एसएमपीएसला पुरेसे कनेक्टर नसणं हाच एक इशारा असतो, की हे कार्ड माझ्यासाठी नाही.

खात्री कशी केली

या वेळी अंदाजावर नवीन सामान घ्यायचं नव्हतं, तोंडघशी तीनदा पडलो होतो. म्हणून उलटसुलट केलं.

आधी तिथेच बसून व्ही-सिंक बंद, लिमिट बंद ठेवून फक्त कार्डाच्या सॉफ्टवेअरमधे पॉवर लिमिट २० टक्क्यांनी कमी केली. दोन संध्याकाळी खेळला, रिस्टार्ट नाही. पॉवर लिमिट परत होती तिथे आणली, त्याच संध्याकाळी दोनदा झाला. मग लिमिट तशीच ठेवून फ्रेम १४१ वर बांधल्या, पुन्हा थांबला. सोडल्या, पुन्हा झाला. हे चालू-बंद करून बघणं फार महत्त्वाचं, कारण नुसतं थांबलं म्हणजे आपण बरोबर होतो असं नाही, परत आणता आलं तर बरोबर.

मग माझ्या पीसीतला चांगला एसएमपीएस काढून त्याच्यात लावला. तो लेबलावर ५५० वॅटचा, म्हणजे थोडाच मोठा, पण १२ व्होल्टवर ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॅट, सगळं हवं तिथे. चार दिवस, व्ही-सिंक बंद, लिमिट नाही, मेन्यूत मुद्दाम जा-ये केली. काही नाही. आणि त्याचा डबा माझ्या पीसीत लावायचा धीर मला झाला नाही, हेही सांगून टाकतो.

ओसीसीटी नावाच्या प्रोग्राममधे प्रोसेसर आणि कार्ड दोन्हीला एकदम ताण देणारी पॉवर टेस्ट आहे. ती फरमार्कपेक्षा उपयोगी. पण फुकटच्या एसएमपीएसवर ती लावून जेवायला उठू नका, समोर बसा, जळका वास आला की मागचं बटण बंद. पेपरक्लिप लावून एसएमपीएस चालू करून बघायची ट्रिक सगळे सांगतात, त्याने एवढंच कळतं की पंखा फिरतो, लोडखाली काय होतं ते नाही. आणि कितीही उत्साह आला तरी एसएमपीएस स्वतः उघडायचा नाही, पिन काढल्यावरसुद्धा आतल्या कपॅसिटरमधे जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो.

तुमच्याकडे असंच होत असेल तर

मी आता कुणाचा पीसी हातात घेतला तर आधी बघतो रिस्टार्ट होतो की पूर्ण बंद पडतो. पूर्ण बंद पडून बटण दाबल्यावरही चालू होत नसेल, मागचं स्विच बंद-चालू केल्यावरच होत असेल, तर एसएमपीएसचं संरक्षण लागलंय, त्याला फार विचार करायला नको. रिस्टार्ट होत असेल तर बगचेककोड. शून्य नसेल तर रॅम, ड्रायव्हर, प्रोसेसर या दिशेला जा. स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंगमधे आपोआप रिस्टार्टची खूण काढा म्हणजे निळा स्क्रीन वाचायला थांबेल. त्याच सुमाराला डब्ल्यूएचईए-लॉगर नावाच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी असतील तर प्रोसेसर किंवा रॅमच्या सेटिंगवर संशय घ्या, एक्सएमपी आणि ओव्हरक्लॉक सगळं बंद करून बघा. रायझेनमधे एक वेगळाच प्रकार असतो, गेममधे काही नाही पण रिकामा बसला की रिस्टार्ट, त्याला बायोसमधे पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल नावाची सेटिंग टिपिकल करंट आयडलवर ठेवली की बऱ्याचदा थांबतो.

स्क्रीन काळा झाला पण आवाज चालू राहिला, मित्रांचं बोलणं ऐकू येतंय, तर ते हे नव्हेच. तिथे ड्रायव्हर किंवा मॉनिटरची केबल बघा. कार्डाने दोन सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर झटकून पुन्हा चालू करतं, त्याची नोंद ४१०१ आयडीने सापडते.

आणि ज्याच्याकडे होतं त्याच्याच टेबलावर, त्याच मॉनिटरवर, त्याच्याच सेटिंगवर होऊ द्या. घरी आणूच नका. आणावाच लागला तर गेमच्या सगळ्या सेटिंगचे फोटो आधी काढून ठेवा आणि एकालाही हात लावू नका, अगदी मॉनिटरवर चित्र फाटताना दिसलं तरी. एका वेळी एकच बदल, आणि तो कुठेतरी तारखेसकट लिहून ठेवा. मी तिसऱ्या फेरीत एका दिवशी पाच गोष्टी बदलल्या होत्या, त्यातल्या एकीचाही मला काही उपयोग झाला नाही.

नवीन एसएमपीएस घेईपर्यंत पीसी बंद ठेवायची गरज नाही. पॉवर लिमिट १५-२० टक्के कमी करा आणि फ्रेम मॉनिटरच्या हर्ट्झपेक्षा दोन-तीन कमी बांधा. गेममधे फरक फारसा कळत नाही, भाच्याला कळला नाही. कार्ड थंडही राहतं. आम्ही नवीन एसएमपीएस लावल्यावरसुद्धा फ्रेमचं बंधन ठेवलंय, मेन्यूत ७०० फ्रेम बघून कुणाचं काय भलं होणार आहे. ८० प्लसच्या स्टिकरला भुलू नका, तो वीज किती वाया जाते ते सांगतो, उसळी सोसेल का आणि संरक्षण चांगलं आहे का ते नाही सांगत. १२ व्होल्टचे अँपिअर, कार्डाला लागतात तेवढे स्वतःचे कनेक्टर, आणि वॉरंटीची वर्षं, मी या क्रमाने बघतो.

नवीन लावून आता चार महिने झाले. मधे एकदा भाच्याचा फोन आला तेव्हा पोटात गोळा आला, पण त्याला फक्त अजून एक एसएसडी जोडायचा होता, साटावाला, आणि वायर कमी पडत होती. एका मित्राच्या मॉड्युलर एसएमपीएसची जास्तीची वायर मिळतेय, पिन अगदी बरोबर बसतेय, लावू का, असं विचारत होता. नशीब विचारलं. मॉड्युलर वायरची एसएसडीकडची बाजू सगळीकडे सारखी असते, पण एसएमपीएसकडची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलची सुद्धा वेगळी असते. ती घट्ट बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ सोडते, मग एसएसडी आणि त्यातलं सगळं गेलं. त्याला म्हटलं खोक्यात बघ, एसएमपीएसबरोबर आलेली एक वायर प्लास्टिकच्या पिशवीत तशीच असेल. होती.